विजूचं पुरणयंत्र, नग चारशे

पहिलं खोकं मुबारकनं फोडलं. आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत पिशवी, पिशवीच्या आत कागद आणि कागदाच्या आत आमचं भविष्य. मुबारकनं ते दोन्ही हातांनी वर काढलं.

स्टीलचं पुरणयंत्र होतं. चकचकीत, तीन पायांवर उभं, वर फिरवायचा दांडा. त्यानं दांडा फिरवून बघितला. आवाज नाही, अडखळणं नाही.

"मानलं पाहिजे चायनाला," मुबारक म्हणाला. "मुठीला फडकंसुद्धा दिलंय."

दांड्याच्या लाकडी मुठीला हिरव्या साडीचा काठ गुंडाळलेला होता. मी यंत्र हातात घेऊन उजेडाकडे फिरवलं. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी तीन ओळी कोरलेल्या होत्या.

चि. विजूस
भाऊबीज १९९१
दादा

"दुसरं फोड," मी म्हणालो.

दुसऱ्यातही विजू होती. तिसऱ्यात होती. अकरा खोकी फोडल्यावर मुबारक म्हणाला, "खालच्या थरात वेगळी असतील." आम्ही खालच्या थरातलं एक ओढून काढलं. तिथंही दादांनी विजूला भाऊबीज घातलेली होती. मग आम्ही त्याच्या अब्बांच्या गादी कारखान्यातल्या कापसाच्या ढिगावर बसून राहिलो. समोर चारशे खोकी होती.

याला आता सात-आठ वर्षं झाली. आमच्या कंपनीचं नाव ग्लोबल विटा, आमच्या गावावरून. मी आणि मुबारक पिंजारी दोघं मिळून मालक, आणि नोकर कुणी नसल्यामुळे तेही आम्हीच. परदेशातून माल मागवायचा आणि इथं विकायचा, एवढं आधी ठरलं होतं. कुठला माल, ते नंतर ठरलं. मुबारकचा अभ्यास असा होता, की मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि खेळणी सगळेच आणतात, तेव्हा आपण असं काहीतरी आणावं जे चीनमधून कुणीच आणत नाही.

"पुरणयंत्र," तो म्हणाला होता. "चीनमध्ये पुरणपोळी नाही. म्हणजे स्पर्धा शून्य."

"कोल्हापुरात कुणीही करून देईल की. आठवड्यात."

"मग तो इम्पोर्ट कसा होईल?"

मी जाऊन माझ्या वाट्याचे पैसे काढून आणले.

वेबसाइटवरून लिली नावाची एक बाई मिळाली. ती कुठल्याशा भांड्यांच्या फॅक्टरीत विक्री बघायची. ती तिकडून चिनी लिहायची, मोबाइलमधलं ॲप त्याचं मराठी करायचं, आणि ते मराठी वाचून आम्ही एकमेकांकडे बघायचो. आम्ही आधी तिला फोटो पाठवला. त्यावरून तिनं करून पाठवलेला नग हा कॉफी दळायचं यंत्र आणि समई यांच्या मधलं काहीतरी होता. तेव्हा मुबारकनं ठरवलं की खरंखुरं यंत्रच नमुना म्हणून कुरियरनं पाठवायचं, आणि सोबत ठणकावून लिहिलं: "हुबेहूब असंच पाहिजे. एक रेघही बदलू नका."

त्यांनी एक रेघही बदलली नाही.

यंत्र माझ्या आईचं होतं. विजू म्हणजे माझी आई, विजया. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझे आटपाडीचे मामा. त्यांनी ते एक्याण्णवच्या भाऊबीजेला तिला ओवाळणीत घातलं होतं. मुबारकनं ते पाहिलं होतं, मी तर जन्मापासून पाहत होतो, पण कोरलेलं नाव काही आमच्या दोघांच्या डोळ्यांत शिरलं नव्हतं. आमच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. मी लहानपणापासून 'कै. सोनाबाई यांच्या स्मरणार्थ' वाटीतून आमटी खात आलोय. सोनाबाई कोण, हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे भांड्यावरचं नाव हा भांड्याचाच भाग असतो, काठासारखा.

पण ह्या नावाची गोष्ट वेगळी होती, आणि ते मला माहीत असायला हवं होतं. आई आणि मामा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबा गेल्यावर मामा हक्कसोडपत्र घेऊन आले होते. बहिणीनं सही केली, की बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा भावाकडं जातो. आमच्याकडच्या बहिणी ही सही चहा निवायच्या आत करतात. आईनं कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तिथंच चुकलं. वाचून म्हणाली, "राहू दे दादा, सध्या नको." मामा चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर भाऊबीज नाही, फोन नाही, माझे वडील वारले तेव्हाही मामा उंबऱ्याबाहेरूनच परतले. घरात मामांचं म्हणून ते पुरणयंत्र तेवढं राहिलं. आई ते वर्षातून दोनदा काढायची, स्वतः घासायची, स्वतः पुसायची आणि मला त्याला हात लावू द्यायची नाही.

मी हात लावलाही नव्हता. मांडणीवरून काढलं मुबारकनं. मी फक्त दार धरलं होतं.

आणि आता होळीला बारा दिवस राहिले होते. आईचं दोनदा विचारून झालं होतं, "यंत्र कुठंय रे?" मी दोनदा सांगितलं होतं, "मुबारककडं. पाय हलतोय म्हणून डाग द्यायला नेलंय."

आम्ही कापसावर बसूनच लिलीला विचारलं, की मूळ नमुना परत कधी येणार. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"आदरणीय मित्रहो, माल सुखरूप पोहोचल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या कंपनीचे बोधचिन्ह कोरताना आमच्या कामगारांनी फार निष्ठा दाखवली. मूळ वस्तू आमच्या मालकांना अत्यंत सुंदर वाटली. ती प्रदर्शन कक्षातील काचेच्या कपाटात विराजमान आहे. ती परत मागून कृपया मालकांना दुःखी करू नये."

"बोधचिन्ह," मुबारक म्हणाला.

"तिला सांग, ते माझ्या आईचं आहे."

त्यानं सांगितलं. उत्तर आलं: "तुमच्या आईचेही अभिनंदन."

त्या संध्याकाळी मी चारशेतलं एक घरी नेलं आणि आई भाजी आणायला गेली असताना मांडणीवर मूळ जागी ठेवून दिलं. आतल्या जाळ्या तशाच, मुठीवरचा काठ तसाच, ओळी त्याच. आई आली. तिनं बघितलं, हातात घेतलं, उलटं केलं, सरळ केलं, ठेवलं.

"डाग चांगला दिलाय," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. उरली तीनशे नव्व्याण्णव.

बाजारपेठेत रोकडेशेठचं भांड्यांचं दुकान आहे. आम्ही तिथं एक नग घेऊन गेलो. शेठनी चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या.

"विजू कोण?"

"ब्रँड आहे," मुबारक म्हणाला.

"आणि दादा?"

"तोपण."

शेठनी चष्मा काढला. "हे बघा पोरांनो. लोक भांड्यावर नाव कशाला घालून घेतात? शेजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. आता दुसऱ्याच्या नावाचं भांडं तुमच्या घरात दिसलं, तर बघणारा काय समजणार? नेलं आणि परत केलं नाही. पैसे देऊन स्वतःला चोर कोण ठरवून घेईल?"

"नाव घासून काढलं तर?"

"निघेल की. यंत्राला पोटात भोक पडेल, पण नाव निघेल."

दुकानातून बाहेर पडल्यावर मुबारक बराच वेळ रसवंतीगृहापुढं उभा राहिला. त्याला कल्पना सुचताना तो नेहमी उभा राहतो. मला ती सवय आवडत नाही.

"विशा," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या नावाचं कुणी घेत नाही ना?"

"नाही."

"मग ज्याचं नाव आहे त्यालाच विकू."

दुसऱ्या दिवशी त्यानं मतदार यादी आणली. तालुक्यातल्या सगळ्या गावांची. आम्ही तीन दिवस कापसात लोळून विजया शोधल्या. सहाशे चौदा निघाल्या. विजय वेगळे. मुबारकनं विटा शहर घेतलं, मी मोटारसायकलवरून खेडी घेतली. दारात जायचं, नाव विचारायचं, आणि 'विजयाताई, तुमच्यासाठी खास नाव घातलेलं पुरणयंत्र आहे' म्हणून पुढं करायचं, असं ठरलं होतं.

भाळवणीला एक म्हातारी विजया सापडली. ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिनं यंत्र मांडीवर घेऊन ओळींवरून बोट फिरवलं.

"कुठला दादा ह्यो?"

"असाच. दादा."

"एक्याण्णवचं हाय."

"हो."

"मग इतक्या उशिरा कसं?"

"लांबून आलंय, आजी. चीनहून."

तिनं मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं. "पर मला भाऊच न्हाई रं."

"मग राहू द्या."

"का म्हणून राहू द्या? ठेव तितं."

मी ठेवलं. ती आत गेली, पैसे घेऊन आली, आणि म्हणाली, "अजून एक हाय का? सुनेचं नाव कल्पना हाय, पर भाऊ तिलाबी न्हाई."

असंच व्हायला लागलं. ज्यांचा भाऊ दर भाऊबीजेला येत होता त्या विजया यंत्र बघून हसायच्या आणि आत जायच्या. ज्यांना भाऊ नव्हता, ज्यांचा गेला होता, ज्यांचा मुंबईला राहून फोनही करत नव्हता, त्या घ्यायच्या. लेंगऱ्यातली एक जण घेऊन झाल्यावर मला आत बसवून पोहे घालायला लागली आणि जाताना म्हणाली, "सांभाळून जा, दादा." मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होतो. मी "बरं" म्हणालो.

पण सगळा दिवस पालथा घालून दोघांचे मिळून दहा-बाराच्या वर नग जात नव्हते. होळीच्या आदल्या दिवशी मुबारकचे अब्बा म्हणाले, "लग्नसराई आली, मला गाद्या ठेवायला जागा पाहिजे, तुमची ती विजू उचला." उरलेली तीनशे एकवीस खोकी टेम्पोत घालून आम्ही आमच्या घरी आणली. बाहेरची खोली छतापर्यंत भरली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक बोळ राहिला.

"काय आहे ह्यात?" आईनं विचारलं.

"मोबाइलची कव्हरं."

"बरीच आहेत," आई म्हणाली.

होळीच्या दिवशी सकाळी आईनं डाळ शिजत घातली. मी आणि मुबारक बोळात बसून खोक्यांवर चिकटवलेला मजकूर मराठीत काय होतो ते ॲपवर बघत होतो. 'पूर्वेकडील मसूर-छळ उपकरण' एवढं कळलं होतं. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं म्हणून बोळात अंधार झाला.

मामा होते. डोक्याला टोपी, पायांत चपला, हातात कापडी पिशवी. नऊ वर्षांत केस तेवढे पांढरे झाले होते. ते उंबऱ्याच्या आत एक पाऊल आले आणि तिथंच थांबले. चपला काढल्या नाहीत.

"आई कुठाय तुझी?"

"आत आहे."

"तिला म्हणावं, आटपाडीचा माणूस आलाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात आलीच होती. दोघांच्या मधे पंधरा फूट बोळ, आणि बोळात मी आणि मुबारक. दोघांनीही एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"विचार तिला," मामा म्हणाले, "ओवाळणी अशी माघारी धाडत्यात का?"

पिशवीतून त्यांनी पुरणयंत्र काढलं. तिन्ही ओळी आमच्याकडं तोंड करून.

मला वाटलं, आटपाडीला कुठली तरी विजया गेली, तिच्या घरात मामांनी आपलं नाव बघितलं आणि त्यांची समजूत झाली की बहिणीनं भाऊबीज बाजारात विकली. नऊ वर्षं नुसता अबोला होता. आता भांडण होणार होतं, आणि ते मी स्वतः माल मागवून आणलेलं होतं.

"मामा, हे ते नाही," मी म्हणालो.

"मला शिकवू नगंस. माझ्या पैशानं घेतलंय, माझ्यासमोर नाव घातलंय. एस.टी.च्या पार्सलनं आलं, चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. भावाला मेला समजायचं आसंल तर त्वांडावर सांगा म्हणावं."

पार्सल हा शब्द मला कळला नाही. आमच्या धंद्यात पार्सल नव्हतं. पण त्या वेळी मला एकच सुटका दिसत होती. मी जवळचं खोकं फोडलं आणि आतलं यंत्र मामांपुढं धरलं. मामांनी वाचलं. मी दुसरं फोडलं. तेही त्यांनी वाचलं. तिसरं खोकं त्यांनी स्वतः निवडलं, वरच्या थरातून, संशय नको म्हणून असेल. मुबारकनं त्यांना कटर दिला.

तिन्ही यंत्रं खोक्यांवर शेजारी शेजारी ठेवून मामा बघत राहिले.

"ह्या समद्यांत हेच हाय?"

"तीनशे एकवीस," मुबारक म्हणाला. "आता तीन फोडली म्हणजे तीनशे अठरा... नाही, तीनशे एकवीसच. फोडली तरी आपलीच आहेत."

"मग माझं कंचं?"

"तुमचं चीनमध्ये आहे," मी म्हणालो.

"तितं काय करतंय?"

"काचेच्या कपाटात आहे. मालकांना आवडलं."

मामांनी टोपी काढून परत घातली. मग मी सगळं सांगितलं. नमुना नेला ते, एक रेघही बदलू नका लिहिलं ते, मांडणीवर दुसरंच आणून ठेवलं ते. आईकडं बघायचं धाडस होत नव्हतं म्हणून मुबारककडं बघून सांगितलं. मुबारक मान हलवत होता, जणू त्यालाही नवीनच कळत होतं.

"आई, तुझं यंत्र गेलं," मी शेवटी म्हणालो. "मांडणीवर आहे ते तुझं नाही."

"माहीत आहे," आई म्हणाली. "बुडाला चिनी स्टिकर आहे. डाग द्यायला नेलेल्या भांड्याला कुणी स्टिकर लावत नाही."

"मग बोलली नाहीस?"

"तू किती दिवस बोलत नाहीस ते बघत होते. मग हा आला." तिनं मुबारककडं मान वळवली.

मुबारक खोक्याकडं बघत म्हणाला, "मी घर क्रमांकानं चाललो होतो, विशा. यादीत होतं. विजया दिनकर देवकर. दार उघडल्यावर बघतो तर काकू."

"मग?"

"मग काय. सुरुवात केली होती म्हणून सगळं म्हणून टाकलं. खास नाव घातलेलं वगैरे. काकू म्हणाल्या, एक दे."

"आणि तू दिलंस?"

"पूर्ण किंमत घेतली," मुबारक म्हणाला. "ओळखीत सूट द्यायची नाही, असं आपलंच ठरलं होतं."

मामा हे सगळं ऐकत होते. त्यांनी हातातलं यंत्र उलटं केलं. बुडाला स्टिकर होता. त्यांनी तो नखानं थोडा खरवडला. आणि मग नऊ वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या डोक्यावरून थेट आईशी बोलले.

"विजे, तू धाडलंस हे?"

"मीच."

"कशापायी?"

"पत्र पाठवलं असतं तर वाचलं असतंस?"

मामांनी विचार केला. "नसतं."

"फोन?"

"उचलला नसता."

"मग काय पाठवू?"

आत डाळीला उकळी फुटल्याचा आवाज येत होता. मामा खोक्यांच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "सही?"

"सही नाही करणार, दादा. तेव्हाही नव्हती करायची. तुला राग येईल म्हणून 'सध्या नको' म्हणाले होते."

मामांनी रिकामी पिशवी काखेत मारली. मी आणि मुबारक दोघांनीही पाय जवळ ओढून घेतले, म्हणजे त्यांना जायचं झालं तर वळायला जागा व्हावी. ते वळले नाहीत.

"आन समज," ते म्हणाले, "हे मिळूनबी मी आलो नसतो तर?"

आईनं खोक्यांकडं एकदा खालून वर बघितलं.

"दर सोमवारी एक पाठवणार होते," ती म्हणाली. "सहा वर्षं पुरली असती."

मामांनी हातातलं यंत्र सावकाश खोक्यावर ठेवलं. एस.टी. स्टँडवरचा पार्सलवाला दर सोमवारी हाक मारतोय, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असावं. मग ते वाकले, एका हातानं खोक्याचा आधार घेतला आणि चपला काढल्या.

"हात कुठं धुऊ?" त्यांनी विचारलं, आणि कुणी सांगायच्या आत आमच्या दोघांमधून वाट काढत मोरीकडं गेले.